बेसबॉल : पिचरांची दुसरी फळी कशी उभी राहते?

लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये २७ ऑक्टोबर २०२५ रोजी वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना झाला. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. हा मात्र बरोबरी सुटेना म्हणून लांबत लांबत अठराव्या डावापर्यंत गेला. टोरंटो ब्लू जेज संघाविरुद्ध डॉजर्सने आपले एकेक पिचर वापरून संपवले आणि शेवटी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयारी करत बसतात त्या जागेत, विल क्लाइन हा एकच रिलीव्हर उरला. जूनमध्ये सिअ‍ॅटलकडून फारसा गाजावाजा न होता घेतलेला हा पिचर. २०२० साली कॅन्सस सिटीने त्याला ड्राफ्टच्या पाचव्या, त्या वर्षीच्या अखेरच्या फेरीत निवडले होते. तेव्हापासून डॉजर्स हा त्याचा चौथा संघ. त्या रात्री त्याने चार डाव टाकले, ७२ चेंडू फेकले आणि एकही धाव दिली नाही. अठराव्या डावात फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने डॉजर्स ६-५ असे जिंकले. पुढे सातव्या सामन्यापर्यंत रंगलेली ती मालिकाही त्यांनीच जिंकली.

अमेरिकेतील बेसबॉलप्रेमी ज्याला ‘पिचिंग डेप्थ’ म्हणतात ती हीच. संघातील पहिल्या दोन-तीन पिचरांची नावे सगळ्यांना पाठ असतात. पण वर्ष तरून जाते ते तेराव्या, अठराव्या, विसाव्या पिचरच्या जोरावर. त्या फळीची उभारणी कशी होते आणि ती वारंवार कोसळते का, हा तिथल्या चाहत्यांच्या बारमाही वादाचा विषय आहे. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकालाही तो परका वाटू नये.

गणित १४५८ डावांचे

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. सामन्याचे नऊ डाव धरले तर संघाला वर्षाकाठी सुमारे १४५८ डाव कोणाकडून तरी टाकून घ्यावे लागतात. सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर आळीपाळीने उतरतात. या पाळीला रोटेशन म्हणतात. एकेकाळी चांगला स्टार्टर वर्षाला अडीचशे डाव सहज टाकत असे. २०२४ च्या हंगामात दोनशे डावांचा टप्पा गाठणारे पिचर उभ्या लीगमध्ये चार निघाले : लोगन गिल्बर्ट, सेथ लुगो, लोगन वेब आणि झॅक व्हीलर. पाचही स्टार्टर धडधाकट राहिले आणि प्रत्येकाने दीडशे डाव टाकले, असे समजू. तरीही बेरीज होते साडेसातशे. उरलेले सातशेहून अधिक डाव इतरांच्या वाट्याला येतात. प्रत्यक्षात पाचही जण धडधाकट राहिल्याचे वर्ष विरळाच.

संघात एका वेळी २६ खेळाडू असतात आणि त्यात हंगामाच्या बहुतांश काळात पिचर तेराहून अधिक ठेवता येत नाहीत. त्यामागे चाळीस जणांची व्यापक यादी असते. या यादीतील तरुण पिचरला मायनर लीगमध्ये धाडण्याची मुभा संघाला साधारणपणे तीन हंगाम मिळते. तिला ‘ऑप्शन’ म्हणतात. २०२२ पासून एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा अधिक वेळा असे खाली पाठवता येत नाही. एकदा पाठवलेल्या पिचरला किमान पंधरा दिवस खालीच राहावे लागते. जखमी खेळाडूच्या जागी बोलावायचे असेल तरच अपवाद. म्हणूनच ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत असा बेताच्या गुणवत्तेचा पिचरही व्यवस्थापकाला सोन्याच्या मोलाचा वाटतो. आज रात्री तीन डाव टाकून दमलेल्याला उद्या सकाळी खाली पाठवायचे आणि ताज्या हाताचा दुसरा वर आणायचा, ही वर्षभर चालणारी ये-जा. त्या पिचरची बॅग मात्र कायम भरलेली. चाहत्यांच्या चर्चेत या माणसाच्या हालांचा उल्लेख क्वचितच येतो.

शेत आणि पीक

मुख्य संघाखाली दुय्यम संघांची उतरंड उभारण्याची ही पद्धत ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स संघासाठी रूढ केली. तिला ‘फार्म सिस्टिम’ असे नाव पडले. २०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येक मोठ्या संघाशी चार पूर्ण हंगामाचे मायनर लीग संघ संलग्न आहेत : सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. याखेरीज नवशिक्यांच्या लीग आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला आदी देशांतील मुले सोळाव्या वर्षी करारबद्ध होतात, तर अमेरिकी मुले शाळा वा महाविद्यालयातून वार्षिक ड्राफ्टद्वारे येतात. हा ड्राफ्ट २०२१ पासून वीस फेऱ्यांचा झाला. त्याआधी तो चाळीस फेऱ्यांचा होता.

शेताची उपमा पिचरांच्या बाबतीत फारच चपखल आहे, आणि तेही कोरडवाहू शेत. दहा दाणे पेरले तर दोन रोपे हाती लागतील, अशा हिशेबानेच पेरावे लागते. ‘पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची गोष्टच अस्तित्वात नसते’ असे एक उपरोधिक वचन अमेरिकी बेसबॉल वर्तुळात रूढ आहे, त्याचा रोख हाच. होतकरू फलंदाजाबद्दल काही अंदाज बांधता येतो. होतकरू पिचरचे भवितव्य मात्र कोपरातील एका लहानशा अस्थिबंधावर लोंबकळत असते.

न्यूयॉर्क मेट्सच्या चाहत्यांना हे सांगावे लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यास जेसन इसरिंगहाऊसन, बिल पल्सिफर आणि पॉल विल्सन या तीन तरुण पिचरांचा ‘जनरेशन के’ म्हणून मोठा बोलबाला झाला होता. विल्सन हा तर १९९४ च्या ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाची निवड. तिघेही जायबंदी झाले आणि मेट्सचे स्वप्न विरले. इसरिंगहाऊसन पुढे रिलीव्हर म्हणून नावारूपाला आला व त्याने ३०० ‘सेव्ह’ नोंदवले. पण त्याच्या कारकिर्दीचा भरभराटीचा काळ मेट्सबाहेर गेला.

अटलांटाचा धडा

याच्या नेमके उलट उदाहरण अटलांटा ब्रेव्हजचे. १९९० साली ९७ सामने हरून तळाला असलेला हा संघ १९९१ मध्ये थेट वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. त्याचे श्रेय त्या वर्षीच्या खरेदीला जितके जाते त्याहून अधिक आधीच्या चार-पाच वर्षांच्या चिकाटीला जाते. टॉम ग्लॅव्हिनने १९८८ मध्ये सात सामने जिंकले आणि सतरा गमावले. जॉन स्मोल्ट्झची त्याच वर्षीची कामगिरी दोन विजय, सात पराभव. स्टीव्ह एव्हरीची १९९० मधील तीन विजय, अकरा पराभव. आजचा चाहता असे आकडे पाहून तिघांनाही विकून टाका म्हणाला असता. आधी सरव्यवस्थापक आणि पुढे प्रशिक्षक असलेल्या बॉबी कॉक्स यांनी त्यांना मार खाऊ दिला. १९९१ मध्ये ग्लॅव्हिनने वीस सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळवला, तर एव्हरीने वयाच्या एकविसाव्या वर्षी अठरा सामने जिंकले. पुढे ग्रेग मॅडक्स बाहेरून येऊन मिळाला, १९९५ मध्ये विजेतेपद आले. संपामुळे अर्धवट राहिलेला १९९४ चा हंगाम वगळता १९९१ ते २००५ या काळात गटविजेतेपद अटलांटाने कधीही सोडले नाही.

पिचिंग प्रशिक्षक लिओ मॅझोन यांची रीतही वेगळी होती. दोन सामन्यांमधल्या दिवसांत बहुतेक संघांचे पिचर एकदा सराव करत. मॅझोन आपल्या पिचरांकडून दोनदा, पण कमी जोराने चेंडू फेकून घेत. हात सतत कामात ठेवायचा, मात्र ताणायचा नाही, असे हे तत्त्व.

तरीही या यशोगाथेचा एक कोपरा काळवंडलेला आहे, आणि चाहते तो विसरतात. एव्हरीने एकवीस, बावीस व तेवीस या वयात दरवर्षी दोनशेहून अधिक डाव टाकले. पंचविशीनंतर त्याच्या चेंडूतील धार गेली ती परतली नाही. ग्लॅव्हिन आणि मॅडक्स २०१४ मध्ये, तर स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. चौघांत सर्वांत गुणवान म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले त्या एव्हरीची कारकीर्द ९६ विजयांवर थांबली.

विकावे की राखावे?

जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या सुमारास प्रत्येक शहरातला चाहता दोन तटांत विभागला जातो. यंदाच्या विजेतेपदासाठी होतकरू पिचर देऊन टाकावा, असे एकाचे म्हणणे. आणखी तीन वर्षे थांबावे, असे दुसऱ्याचे. या वादात स्मोल्ट्झचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांच्या डॉइल अलेक्झांडरला अटलांटाकडून घेतले आणि मोबदल्यात मायनर लीगमधला वीस वर्षांचा स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही गमावला नाही. डेट्रॉइटने गट जिंकला. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. स्मोल्ट्झने कारकिर्दीत २१३ विजय आणि १५४ सेव्ह मिळवले.

हे उदाहरण देऊन ‘तरुण कधीच विकू नये’ असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्मोल्ट्झसारखा एक निघतो तेव्हा त्याच वयाचे आणि त्याच कौतुकाचे कितीतरी पिचर विस्मृतीत जातात. त्यांच्या मोबदल्यात जुना खेळाडू मिळवणारा संघ शहाणाच ठरतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते चाहत्यांची खरी चूक मोजण्यात होते. ते होतकरूंची गुणवत्ता मोजतात, संख्या मोजत नाहीत. पाच चांगले तरुण पिचर असलेला संघ एक विकू शकतो. एकच असलेल्या संघाने तो विकणेही धोक्याचे आणि राखणेही.

पैशाचे कारणही आहेच. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत मुक्त होत नाही आणि त्यातील पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपासच खेळतो. हे वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. याउलट योशिनोबू यामामोटो या जपानी पिचरसाठी डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये बारा वर्षांकरिता ३२ कोटी ५० लाख डॉलर मोजले. सगळ्यांची तिजोरी एवढी नसते. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रॉसने फ्रॅम्बर वाल्डेझ आणि क्रिस्टियन हाविएर या डॉमिनिकन तरुणांना २०१५ मध्ये प्रत्येकी अवघ्या दहा हजार डॉलरना करारबद्ध केले. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमधील चौथ्या सामन्यात हाविएरने सहा डाव टाकले व प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट घेऊ दिला नाही. उरलेले तीन डाव रिलीव्हरांनी तसेच राखले. ह्यूस्टन विजेता ठरला. २०२४ च्या जूनमध्ये त्याच हाविएरच्या कोपरावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली.

कोपराचे दुखणे

ही शस्त्रक्रिया टॉमी जॉन या पिचरच्या नावाने ओळखली जाते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये त्याच्या डाव्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातीलच दुसरा स्नायुबंध बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मोठ्या व दुय्यम लीग मिळून अशा शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ झाल्या होत्या, २०२४ मध्ये २८१. याच काळात वेगही वाढला. २००८ मध्ये मुख्य वेगवान चेंडूची सरासरी ताशी सुमारे १४७ किलोमीटर होती, ती २०२४ मध्ये १५२ च्या घरात गेली. प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी फेकण्याच्या सवयीवर अहवालाने बोट ठेवले आहे. वेगवान कॅमेरे व रडारच्या साहाय्याने चेंडूची फिरकी मोजून हवा तसा चेंडू ‘घडवण्याच्या’ प्रयोगशाळा आता प्रत्येक संघाकडे आहेत. त्यामुळे पिचर लवकर तयार होतो. तो लवकर मोडतोही.

जपून वापरावे तर काय होते, याचे उत्तर स्टीफन स्ट्रासबर्गच्या कहाणीत शोधले जाते. वॉशिंग्टन नॅशनल्सने २००९ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या या पिचरने जून २०१० मधील पदार्पणात चौदा जणांना स्ट्राइकआउट केले. सप्टेंबरमध्ये तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. २०१२ मध्ये संघ लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकत असताना व्यवस्थापनाने १५९ डावांनंतर त्याला थांबवले. नॅशनल्स त्याच्याविना बाद फेरीत उतरले आणि पहिल्याच मालिकेत पाचव्या सामन्यात हरले. चाहत्यांचा संताप शमला तो थेट २०१९ मध्ये. त्या वर्षी संघ विजेता ठरला आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू होता स्ट्रासबर्ग. त्यानंतर सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला. त्या करारात तो केवळ आठ सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. २०१२ चा निर्णय बरोबर होता की चूक, यावर वॉशिंग्टनमध्ये आजही दोन मते आहेत, आणि दोन्ही पक्ष २०१९ चाच दाखला देतात.

या शेतात भारतीय बियाणेही एकदा पडले होते. ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून करारबद्ध झाले. बेसबॉल कशाशी खातात हे तोपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. २००९ च्या उन्हाळ्यात दोघे नवशिक्यांच्या लीगमध्ये उतरले. पटेलला २०१० मध्ये संघाने मुक्त केले. डावखुरा रिंकू सिंगल ए पर्यंत चढला, मग दुखापती सुरू झाल्या आणि त्याच्याही कोपरावर तीच शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.