ओट्याची उंची

मागच्या वेळी आपण गावातल्या आडांबद्दल बोललो. आज विहिरीवरून घरात यायचं आहे, थेट स्वयंपाकघरात. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय काढलं?" मी म्हणलं, ऐका तर आधी.

आपल्या स्वयंपाकघरात जो ओटा आहे, ज्याच्यासमोर उभं राहून पोळ्या लाटल्या जातात, तो आपल्याकडं फार जुना नाही. माझ्या आईनं आयुष्यातली पहिली चाळीसेक वर्षं उभं राहून एक भाकरी केली नाही. आमचं घर माळवदाचं. चूल जमिनीवर, शेजारी वैल, भिंतीला टेकवलेली काटवट, कोपऱ्यात पाटा-वरवंटा. आई पाटावर एक गुडघा उभा करून बसायची. जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या की फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. जुन्या स्वयंपाकघराचं कौतुक करणारे लोक मला भेटतात. त्यातला एकही त्या धुरात बसलेला नसतो.

आपल्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. घरकामाला इतकी मोठी जागा देणारं काव्य मराठीत दुसरं क्वचितच असेल. दळणकांडण, झाडलोट, पाणी भरणं, आणि त्या कामात हातभार लावायला आलेला विठ्ठल. आता त्या कामांची जागा बघा. जातं जमिनीवर, उखळ जमिनीत, केर तर जमिनीवरच. चौदाव्या शतकापासून माझ्या आईपर्यंत साधारण सहाशे वर्षं बाईच्या कामाची पातळी बदलली नाही. ती जमिनीलगतच होती.

मग ती उठली कधी? माझ्या मते ती गॅसनं उठवली. रॉकेलचा स्टोव्ह आला तरी तो जमिनीवरच पेटवायचे. प्रायमसला पिन मारत बसलेल्या बायका मला आठवतात. गॅसचं तसं नाही. टाकीतला हा वायू हवेपेक्षा जड. गळाला तर वर जात नाही, खाली फरशीवर पसरतो. त्यामुळं शेगडी टाकीपेक्षा उंच ठेवायची, हा कंपन्यांचा नियम. मुंबईत घरगुती गॅस 1955 च्या सुमारास आला, आपल्याकडं बऱ्याच उशिरा. आमच्या घरी जोडणी मिळाली 1983 मध्ये, तीही नंबर लावून काही वर्षं थांबल्यावर. टाकी आली आणि आठवड्याभरात गवंडी आला. ज्या घरात ओटा नव्हता तिथं टेबल आलं, नाही तर लोखंडी स्टँड. 2016 नंतर उज्ज्वला योजनेत खेड्यापाड्यांत गॅस गेला, तेव्हा तिथंही हेच झालं. म्हणजे बाई उभी राहिली ती कुठल्या सुधारकानं सांगितलं म्हणून नाही. वायू जड होता म्हणून.

युरोपात गोष्ट वेगळी घडली, आणि ती सांगण्यासारखी आहे. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरानं पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. त्यासाठी 1926 मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं. कुठून कुठं किती पावलं पडतात याचा हिशोब करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे, तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं बाईंनीच पुढं सांगितलं. पुढं नाझींच्या विरोधात काम केलं म्हणून त्यांनी चार वर्षं तुरुंगात काढली. पण माझं लक्ष त्या आराखड्यातल्या एका बारक्या गोष्टीकडं जातं. तिथं खिडकीपाशी एक फिरतं स्टूल होतं. बसून करायची कामं बसून करा, असा त्याचा अर्थ. आपण जगाकडून उभा ओटा घेतला आणि स्टूल तिकडंच ठेवून आलो. (हशा)

ओटा आला, पण तो कशाचा? आपल्याकडं आधी शहाबादी, मग कडप्पा. शहाबाद हे गुलबर्ग्याकडचं, म्हणजे पूर्वी आपल्याच निजामी राज्यातलं. 1956 पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. कडप्पा आंध्रातला. दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, त्यामुळं लिंबू सांडलं की डाग पडतो, चमक जाते. नंतर ग्रॅनाइट आला. पण या सगळ्या दगडांचा एक स्वभाव सारखा आहे. ते जड असतात. आठ फूट बाय दोन फुटांची, तीस मिलिमीटर जाडीची कडप्प्याची लादी सव्वाशे किलोच्या आसपास भरते. ती एकदा बसली की बसली. बसवतो गवंडी, उंची ठरवतो गवंडी. तो म्हणतो, "छत्तीस इंच ठेवतो सर, सगळीकडं तेवढाच असतो." आपण मान हलवतो. बाईला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आता स्टीलकडं येतो. 1912-13 च्या सुमारास दोन देशांत ही धातू जवळजवळ एकदमच हाती आली. जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात स्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम आणि निकेल घातलेलं पोलाद तयार केलं. इंग्लंडात शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता, त्याला न गंजणारं पोलाद सापडलं. शोध बंदुकीसाठी, उपयोग झाला सुरी-चमच्याला.

स्टील गंजत नाही म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. त्यातलं क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतं. तेही एका अर्थी गंजणंच. पण हा गंज आतल्या लोखंडाला राखतो. ओरखडा पडला तर हवा लागून पापुद्रा पुन्हा धरतो. वर्गात असतो तर यावर एक तास घेतला असता. आज नको.

आमच्या घरी स्टील आलं ते भांड्यांतून. त्याआधी तांबं-पितळ, आणि वर्षातून दोनदा दारात कल्हईवाला. नवसागराचा तो वास, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की भांडं आतून एकदम पांढरं होणं, हे ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवता येत नसे. स्टीलनं ती कटकट संपवली. मग लग्नात नाव घातलेले स्टीलचे डबे, आणि जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बायका. पण आजीनं ते देवघरात येऊ दिलं नाही. "लोखंडच की हे," म्हणायची. रसायनशास्त्र न शिकता तिला ते बरोबर कळलं होतं. देवाला तांब्याची पळी आणि माणसांना स्टीलचं ताट, ही वाटणी आजही कितीतरी घरांत आहे.

भांडी स्टीलची झाली, पण भांडी ठेवायची जागा दगडाची राहिली. हॉटेलात, खानावळीत स्टीलचे ओटे कधीच आले. घरात नाही. ते लोकांना दवाखान्यासारखं वाटतं.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण हे व्याख्यान तिथूनच निघालं. माझी पत्नी चार फूट दहा इंच. आमचा ओटा छत्तीस इंच. ती अठ्ठावीस वर्षं त्या ओट्यासमोर लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत आली. बसून जेवायचा पाट, तो पायाखाली. मी रोज पाणी प्यायला तिथं जायचो. रोज पाट दिसायचा. मी एम.ए.ला स्वातंत्र्य ही संकल्पना शिकवत होतो. पाच वर्षांपूर्वी त्या पाटावरून तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. दीड महिना स्वयंपाक माझ्याकडं आला. माझी उंची पाच फूट सात इंच. पहिल्याच दिवशी कणीक मळताना लक्षात आलं की ओटा मला अगदी बेतशीर होतो. खांदे उचलावे लागत नाहीत, वाकावं लागत नाही. म्हणजे तो कुणाच्या मापाचा होता, ते त्या दिवशी कळलं.

तिला भिंतीला टेकून उभं केलं आणि कोपराशी पेन्सिलीनं खूण केली. साडेछत्तीस इंच. कामाची पातळी कोपराखाली चार ते सहा इंच असावी, असं या विषयातले लोक सांगतात. आपल्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या मंडळींनी शेतातल्या आणि घरातल्या बायकांचे कष्ट कमी कसे होतील यावर बरंच काम केलेलं आहे. हे आपल्याच गावात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. भारतीय बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिला बत्तीस ते चौतीस इंचांचा ओटा हवा. आमच्या घरी एकतीस ठरला. ती म्हणाली, "अहो, आता या वयात कुठं तोडफोड करता?" मी म्हणलं, दगड नको, पत्रा घालू.

पत्र्याचा फायदा वजनात आहे. 304 जातीचा, 1.2 मिलिमीटर म्हणजे साधारण 18 गेजचा आठ बाय दोनचा तुकडा चौदा किलो भरतो. दोन म्हातारे उचलू शकतात. मी आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. खर्चही आवाक्यात राहतो, कारण स्टील किलोवर मिळतं आणि बसवण्याची मजुरी आपलीच. दुकानदार मात्र लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, अस्सल आहे." त्यावर जाऊ नका. 202 जातीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. 304 मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या वर. 202 मध्ये ते कमी करून मँगनीज घातलेलं. आपल्याकडं निकेल जवळपास सगळं बाहेरून येतं, म्हणून स्वस्त जात इथं इतकी खपते. डब्याला चालेल. पण ओट्यावर मीठ, लोणचं आणि बोअरचं खारं पाणी रोज सांडणार, तिथं 304 च घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.

चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. त्यावर 19 मिलिमीटरचं, 710 मार्कचं, पाण्याला टिकणारं प्लायवूड. नुसता पत्रा टाकला तर ढणढण वाजतो आणि दबतो. प्लायवूडनं तो गप्प बसतो. पत्र्याच्या कडा फॅब्रिकेशनवाल्याकडं मशीनवर मुडपून घ्यायच्या. चार फुटी पत्र्यातून दोन ओटे निघतात असं वाटतं, पण पुढची-मागची मुडपण धरली की प्रत्येकाची रुंदी चोवीसऐवजी एकवीस-बावीस इंचच उरते. हे आधी मोजा. कापलेली कड ब्लेडसारखी असते. मी आयुष्यात पहिल्यांदा कानस हातात धरली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. आमच्याकडं कानस सुताराच्या, लोहाराच्या हातात आणि पुस्तक आमच्या, अशी शतकानुशतकांची वाटणी. ती किती पक्की आहे हे हाताला फोड आले तेव्हा समजलं. वेल्डिंगवाल्याचा पोरगा बघत होता. म्हणाला, "सर, कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं आणताना उचलायची." हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चिकटवायला रबराचं सोल्युशन. दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं. मग मध्ये बांबूच्या पट्ट्या ठेवून वर पत्रा धरायचा आणि एका टोकाकडून एकेक पट्टी काढत दाबत जायचं. एकदा टेकला की हलत नाही. आम्ही घाईत दोन्ही टोकांकडून पट्ट्या काढल्या. मधे हवा अडकली. तिथं अजूनही बोटानं दाबलं की टक् वाजतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. स्टील विजेचं वाहक आहे. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. अशा ओट्यावर ओल्या हातानं मिक्सर लावायचा म्हणजे जिवाशी खेळ. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या, ओट्याचा सांगाडा अर्थिंगला जोडून घ्या, मगच वापर सुरू करा. हे काम स्वतः करू नका. बाकीचं करा.

गरम कढई थेट ठेवू नका, खालचं सोल्युशन सुटतं. आडणी ठेवा. संडासाचं अ‍ॅसिड जवळ आणू नका, खड्डे पडतात. पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या सालीनं जातात. कडप्प्याला जे लिंबू बाधायचं तेच इथं उपयोगी पडतं.

पहिला ओरखडा तिसऱ्या दिवशी पडला. मला वाईट वाटलं, तिला अजिबात नाही. सहा महिन्यांत इतके पडले की सगळा ओटा एकसारखा मळकट रुपेरी दिसायला लागला. पोळ्या ती आता जमिनीवर उभी राहून लाटते. भाजी निवडायला एक उंच स्टूलही आणलंय. पाट परत बसायच्या कामाला लागला.

सिंक मात्र एकतीस इंचांवर ठेवता आलं नाही. त्याचा तळ खोल, भांडी घासताना कमरेत वाकावं लागलं असतं. म्हणून तो भाग दोन इंच उंच घेतला. दोन पातळ्यांमध्ये जो सांधा आला तो मी सिलिकॉननं भरला. तो गळतो. दोनदा खरवडून पुन्हा भरला, तरी गळतो. खाली एक वाटी ठेवलेली आहे. इथं फॅब्रिकेशनच्या कामातलं कुणी बसलं असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. आता प्रश्न घेऊ.