घाटाखालचे पाणी आणि घाटावरची गाडी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडे वाहावा आणि शेकडो कोसांची वाट तुडवून बंगालच्या उपसागराला मिळावा, ही सृष्टीची फार जुनी व्यवस्था. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी मावळातल्या काही नद्यांच्या बाबतीत माणसाने ती फिरविली, त्यांचे पाणी धरणांत कोंडून पोलादी नळांवाटे पश्चिमेच्या कड्याखाली कोकणात उतरविले, आणि त्या पतनातून जी शक्ती हाती आली तिच्यावर प्रथम मुंबईच्या गिरण्या व पुढे मुंबईच्या आगगाड्या चालविल्या. या उद्योगातील धरणांची, जलाशयांची व धनिकांच्या धाडसाची वर्णने आपल्याकडे पुष्कळ झाली. पण पाण्यातून निघालेली वीज आणि त्या विजेवर फिरणारे चाक या दोहोंच्या मध्ये जे काम अहोरात्र चालते, म्हणजे विजेचे एक रूप मोडून दुसरे घडविण्याचे काम, त्याची वास्तपुस्त कोणी फारशी घेतलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेच काम आहे.

मुंबईच्या गिरण्यांना विलायतेहून अथवा बंगालहून आणलेल्या कोळशावर विसंबावे लागे. कोळसा महाग आणि त्याचा धूर शहराच्या छातीवर. पश्चिम घाटाच्या पाण्यावर वीज निर्माण करावी, ही डेव्हिड गॉसलिंग नामक वास्तुविशारदाने पुढे मांडलेली कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. पण ती सिद्धीस गेलेली पाहण्याचे त्यांच्या भाग्यात नव्हते. त्यांच्या पश्चात् पुत्र दोराबजींनी भांडवल उभे केले, १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. लोणावळे, वळवण आणि शिरवटा या तीन तलावांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली उतरून पेल्टन जातीच्या जलचक्रांच्या पात्यांवर आदळे, आणि निर्माण झालेली वीज सुमारे १,००,००० व्होल्ट दाबाने डोंगर व खाड्या ओलांडून परळपर्यंत जाई. पुढे १९२२ साली आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र उभे राहिले.

मुळशीचे नाव निघाले असता तेथील शेतकऱ्यांचे स्मरण न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्पिढ्यांच्या कसदार भातखाचरांवर सरकारी कायद्याच्या बळावर जप्ती यावी, पैशांत मोजलेल्या मोबदल्यावर वतनाचा मुलूख सोडावा, आणि त्या पाण्याचा लाभ घाटाखालच्या शहराने घ्यावा, हे मावळ्यांना मान्य नव्हते. १९२१ साली त्यांनी जो सत्याग्रह आरंभिला त्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केले, आणि ‘सेनापती’ हे बिरुद त्यांच्या नावामागे कायमचे लागले ते तेथूनच. निसर्गाने फुकट दिलेली शक्ती कोणालाच फुकट पडत नाही. जिची किंमत कोणी आपल्या जमिनीने चुकविली, ती वीज वाया घालविण्याचा हक्क ती वापरणाऱ्यास पोचत नाही.

गिरण्यांना ही वीज मानवली, कारण त्यांची गरज सोपी होती. वाफेचे एक अजस्र एंजिन, त्याच्या चाकावरून मजल्यामजल्यावर गेलेले दोर आणि छताला टांगलेले लांबच लांब दांडे, या साऱ्या पसाऱ्याच्या जागी विजेच्या मोटारी आल्या. खोपोलीची वीज प्रत्यावर्ती जातीची, म्हणजे सेकंदात ५० आवर्तने करीत उलटसुलट वाहणारी. आणि निकोला टेस्लाने १८८८ साली जगापुढे ठेवलेली प्रवर्तन मोटार या विजेवर जवळजवळ एकाच वेगाने अखंड फिरते. सूत कातण्यास असा अढळ वेग हवाच असतो. एंजिनाच्या हिसक्यांनी धागा तुटतो, तो मोटारीने तुटत नाही. पण जो गुण चात्यांना उपकारक ठरला तोच आगगाडीला अडचणीचा होता. गाडीला स्थिर अवस्थेतून मोठ्या ओढीने निघावे लागते, चढावर रेंगाळावे लागते, सपाटीवर धावावे लागते. आणि प्रवर्तन मोटारीचा वेग विजेच्या आवर्तनसंख्येला बांधलेला असल्याने तो हवा तसा कमीजास्त करण्याचे साधन त्या काळच्या अभियंत्याच्या हाती नव्हते. एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या मोटारीत ही लवचीकता उपजतच होती. म्हणून १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली ती १,५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर.

येथे रूपांतराचा प्रश्न उभा राहिला. घाटातून येणारी वीज एका जातीची आणि गाडीला हवी ती दुसऱ्या जातीची. पेशवाईत मुलखामुलखात निराळी नाणी चालत, आणि एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत वटविताना सराफ बट्टा कापून घेई. विजेच्या रूपांतरातही तसाच बट्टा जातो, तो उष्णतेच्या रूपाने. हा बट्टा कमी कमी करीत जाणे, हाच या विद्येचा शंभर वर्षांचा खटाटोप आहे.

आरंभी हे काम लोहमार्गालगतच्या उपकेंद्रांत बसविलेल्या घुमत्या परिवर्तकांनी केले. टनावारी वजनाचे ते लोखंडी यंत्र एका बाजूने प्रत्यावर्ती वीज घेई, अखंड गरगरत राही आणि दुसऱ्या बाजूने एकदिश वीज देई. त्याला तेलपाणी लागे, त्याच्या कार्बनच्या ब्रशांवर रात्रंदिवस नजर ठेवावी लागे. त्याच्या मागोमाग आला तो पाऱ्याचा एकदिशकारक. अमेरिकेतील पीटर कूपर ह्युइट याने १९०२ साली असे दाखविले की, निर्वात पात्रात पाऱ्यावर विजेची प्रज्योत पेटविली असता प्रवाह पाऱ्याकडे जातो पण उलट फिरत नाही. म्हणजे केवळ या एका गुणावर, एकही भाग न फिरविता, उलटसुलट विजेला एका दिशेने वाहावयास लावता येते. जगभरच्या विद्युत् रेल्वेंनी हे साधन स्वीकारले. त्याच्या काचपात्रांतून निळसर जांभळा प्रकाश थरथरत असे, आणि तो पाहिलेली माणसे त्याचे वर्णन अद्याप विसरलेली नाहीत.

आता घाटाकडे वळू. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढायचे आणि कित्येक ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा चढ, अशी त्याची बिकट आखणी. चढण एका दमात साधत नसल्याने वाटेत गाडीचे तोंड उलट फिरविण्याचे एक स्थानक ठेवावे लागले होते. वीज आल्यावर, १९२९ साली, नवे बोगदे खणून ते स्थानक काढून टाकण्यात आले, कल्याण ते पुणे हा मार्ग विजेचा झाला, आणि १९३० च्या १ जूनला ‘दख्खनची राणी’ ही गाडी सुरू झाली. मालगाड्यांसाठी जी एंजिने आली त्यांचा देह तीन भागांत जोडलेला, नाके पुढेमागे निघालेली आणि चाकांना जोडणारे दांडे तिरपे हालणारे; रेल्वेच्या लोकांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ असे ठेविले.

या एंजिनांत मोटार चालविण्याची रीत कशी होती, ते समजून घेण्याजोगे आहे. उभ्या मोटारीस एकदम पूर्ण दाब दिला तर प्रवाहाचा लोंढा तिला जाळून टाकील. म्हणून आरंभी मोटारी एकापुढे एक जोडीत, त्यांच्या वाटेत लोखंडी रोधक घालीत, आणि चालक आपला दांडा एकेक नॉच (खाच) पुढे सरकवीत जाई तसतसे ते रोधक वगळले जाऊन अखेर मोटारी समांतर जोडल्या जात. रोधकांत अडलेली वीज तापून हवेत जाई. मावळात अडवलेल्या पाण्याचा एक अंश अशा रीतीने प्रत्येक स्थानकातून गाडी निघताना आकाशाला अर्पण होत असे.

परंतु त्याच घाटाने या विद्येला उलट दिशेचाही धडा दिला. चढणारी गाडी वीज खाते. उतरणारी गाडी तिच्या वजनाने चाके फिरविते, आणि त्या वेळी मोटारीची जोडणी बदलली तर तीच मोटार जनित्र बनून वीज परत देते. ब्रेकचे ठोकळे झिजवून जी शक्ती उष्णतेत घालवायची, ती तारेत परतते व गाडीही आवरली जाते. घाटासाठी घडविलेल्या एंजिनांत ही पुनर्निर्माणक ब्रेकची सोय होती. मात्र तिला एक मर्यादा होती: परत आलेली वीज घेण्यास त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी चढत असावी लागे, अथवा उपकेंद्रातील परिवर्तक उलट दिशेनेही काम करणारा असावा लागे. घुमता परिवर्तक ते करू शके. साधा पाऱ्याचा एकदिशकारक, ज्याचा गुणच प्रवाहाला उलट फिरू न देण्याचा, तो हे करू शकत नसे. एक सुधारणा दुसऱ्या लाभाच्या आड येते, याचे असे उदाहरण यंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार भेटते.

हा पेच सुटला तो सिलिकनसारख्या अर्धसंवाहकांनी. १९५७ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर सिद्ध झाला. सिलिकनची एक चकती, जिला इशारा देताच प्रवाह सुरू होतो. १९७० च्या सुमारास जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी प्रवर्तन मोटारीवर एकदिश मोटारीसारखीच हुकमत चालविण्याची गणिती रीत मांडली. आणि १९८० च्या आसपास, मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्येच आय.जी.बी.टी. हे असे साधन घडविले की जे सेकंदात हजारो वेळा प्रवाह जोडते व तोडते. आता कोणत्याही विजेचे बारीक तुकडे करून हव्या त्या दाबाची व हव्या त्या आवर्तनांची वीज पुन्हा जुळविता येऊ लागली. ज्या प्रवर्तन मोटारीला १९२५ साली आगगाडीने नाकारले होते, तीच, ब्रशांवाचून, कमी झिजेची, आता सर्व वेगांना वश झाली.

मुंबईत याचा परिणाम क्रमाक्रमाने दिसला. २००७ सालापासून पश्चिम रेल्वेवर नव्या धर्तीच्या लोकल गाड्या आल्या, ज्या थांबताना वीज परत देतात. तिकडे मुंबईतील १,५०० व्होल्टांची एकदिश व्यवस्था मोडून तिच्या जागी देशभर रूढ झालेली २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आणण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालले होते. हार्बर मार्गावर २०१६ च्या एप्रिलमध्ये ते पुरे झाले आणि ९१ वर्षांची एक राजवट संपली. रूपांतराची जागाच बदलली. पूर्वी जे काम उपकेंद्राच्या इमारतीत होई ते गाडीच्या तळाशी बसविलेल्या पेटीत होऊ लागले, आणि ती पेटी दोन्ही दिशांनी काम करीत असल्याने, उतरत्या गाडीची वीज तारेवाटे रोहित्रातून थेट महाजालात, म्हणजे वीजवहनाच्या सामायिक जाळ्यात, परतण्याची वाट मोकळी झाली.

सह्याद्रीने महाराष्ट्राला पाण्यानंतर वाराही दिला. १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि शतकाच्या अखेरीस साताऱ्याजवळ वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर त्यांच्या रांगा लागल्या. पाणी तलावात साठवून मोजून सोडता येते, वारा तसा सोडता येत नाही. त्याचा वेग घटकेघटकेला बदलतो, आणि महाजालाला तर ५० आवर्तनांहून वेगळे काही चालत नाही. जुन्या पवनचक्क्या म्हणूनच एकाच वेगाला जखडलेल्या असत व झोताचा सारा धक्का दातेरी चाकांनी सोसावा लागे. पुढच्या पिढीच्या यंत्रांत जनित्राच्या घुमत्या भागाशी परिवर्तक जोडला गेला, त्यामुळे पाती वाऱ्याच्या लहरीप्रमाणे फिरतात आणि वीज मात्र शिस्तीची निघते. सौर पट्ट्यांची वीज तर जन्मतःच एकदिश. तिला घरात, शेतात वा महाजालात येण्यासाठी परिवर्तकाचाच उंबरठा ओलांडावा लागतो. आगगाडीच्या मोटारीला वेग देणारी विद्या आणि पवनचक्कीच्या वेगाला आवरणारी विद्या, या दोन्ही एकच.

ऊर्जेचा इतिहास म्हणजे केवळ धरणांचा व जनित्रांचा इतिहास नव्हे. शक्ती निर्माण करणे हा त्याचा पूर्वार्ध. ती बट्टा न लागता पोचविणे आणि उरलेली परत आणणे हा उत्तरार्ध, आणि पुढच्या काळात त्याचेच महत्त्व अधिक असणार, कारण नवी खोरी बुडविण्यापेक्षा हाती असलेली वीज वाचविणे अधिक न्यायाचे आहे. म्हणून ज्या जुन्या उपकेंद्रांतून परिवर्तक, पाऱ्याची पात्रे, रोधकांचे सांगाडे आणि नोंदींची दफ्तरे अद्याप शिल्लक असतील, ती भंगाराच्या लिलावात जाण्यापूर्वी रेल्वेने, वीज कंपन्यांनी व आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन जतन करावीत, आणि त्यांवर काम केलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच टिपून घ्याव्यात, ही या लेखकाची वाचकांना व संबंधितांना आग्रहाची विनंती आहे.