जैसलमेरच्या तळघरातील पोथ्या



दिवाळीनंतर आपल्यापैकी बऱ्याच जणी राजस्थानची यात्रा काढतात. जैसलमेर म्हटलं की वाळूचे डोंगर, उंटावरची फेरी आणि सूर्यास्ताचे फोटो. तेही बघाच. पण सोनार किल्ल्यातल्या जिनमंदिरांच्या पोटात एक जागा आहे, तिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

भाटी राजा रावळ जैसल याने 1156 साली हे गाव वसवलं. त्याआधीची राजधानी लोद्रवा, तिथून साधारण पंधरा किलोमीटरवर. सिंध आणि गुजरातकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात, आणि त्या व्यापारावर ओसवाल श्रावक मोठे झाले. किल्ल्यातली पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभू, ऋषभदेव वगैरे मंदिरं पंधराव्या-सोळाव्या शतकातली. पिवळ्या दगडावरचं कोरीवकाम काय वर्णावं! वाटाडे तेच दाखवतात आणि पुढे नेतात.

संभवनाथांच्या मंदिराखाली तळघरात जिनभद्रसूरी ज्ञानभंडार आहे. खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी पंधराव्या शतकात ते उभं केलं. विचार करा, ताडाची झाडं वाळवंटात कुठली? ताडपत्रं लांबून यायची, कित्येक पोथ्या पाटण-खंभातकडे लिहिल्या गेल्या. पण टिकल्या त्या इथे, कारण हवा कोरडी. आपल्याकडे एक पावसाळा गेला की कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. इथे ओघनिर्युक्तीची विक्रम संवत 1117 ची, म्हणजे 1060 सालच्या सुमाराची पोथी आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षं!

नुसत्या हवेने मात्र काही टिकत नाही. लाकडी पाट्यांमध्ये पोथी घट्ट आवळायची, कापडात बांधायची, डब्यात ठेवायची. लिहिणारा शेवटी हात जोडून विनवणी करायचा, की हिला तेल-पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा. कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी याच कामाची. पावसाची ओल गेलेली असते, पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, वाळवायच्या, नवी वेष्टनं घालायची. आमच्या दिगंबर घरांत श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. पूजा होते, पण पुस्तकं किती घरांत उघडली जातात?

जुन्या पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते, तिच्यात पोथी कुणी लिहवून घेतली ते येतं. त्यात श्राविकांची नावं पुष्कळ. कुणी सासूच्या पुण्यासाठी, कुणी मुलासाठी, कुणी स्वतःच्या कर्मनिर्जरेसाठी पैसे दिले. राजांच्या बखरीत ज्यांना ओळही मिळाली नसती, त्या बायका ताडपत्रावर नावानिशी आहेत.

1874 साली ब्यूलर आणि याकोबी हे जर्मन विद्वान इथे आले. याच याकोबींनी पुढे आचारांग आणि कल्पसूत्राचं इंग्रजी भाषांतर केलं आणि जैन धर्म बौद्ध धर्माची शाखा नाही हे पश्चिमेला पटवलं. पण भंडाराची खरी सेवा केली ती मुनी पुण्यविजयजींनी. 1950 च्या सुमारास ते पायी विहार करत इथे आले, महिनोन्‌महिने राहिले, पोथ्या लावल्या, सूची केली, फिल्म उतरवून घेतली. आज अभ्यासकांच्या हाती जे येतं, त्यात त्यांचा वाटा फार मोठा.

मुंबई बंदर वाढलं तसा तांड्यांचा व्यापार आटला आणि फाळणीनंतर सिंधची वाटच बंद झाली. गुमानचंद पटवांच्या पाच हवेल्या बघताना ते जाणवतं.

लोद्रव्याच्या पार्श्वनाथांचं दर्शन चुकवू नका, थाहरू शाहांनी सतराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. अमरसागर जाता-येता होतं. आणि एक अर्धा दिवस राष्ट्रीय मरू उद्यानाला द्या. तिथे गोडावण आहे, म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, पण आता तिथे तो दिसणं दुर्मीळ. समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना विजेच्या तारांना धडकून मरतो. जगात हे पक्षी दोनशेही उरलेले नाहीत. दिसला तर गाडी लांबच थांबवा, त्याच्या मागे धावू नका.

किल्ल्यातली मंदिरं सकाळीच करा, दुपारी पर्यटकांसाठी बंद होतात. चामड्याचा पट्टा, पर्स खोलीवर ठेवा. आणि भंडाराचा दरवाजा ठेंगणा आहे, वाकूनच आत जावं लागतं.