मोडेम बंद करून परत चालू का करायचा?

मोरगावच्या घरी केबलचा नवा मोडेम आला. जोडायला आलेल्या मुलाने माझ्या लॅपटॉपला वायर लावून नेट चालतंय हे दाखवलं आणि तो गेला. मी तीच वायर काढून राउटरला लावली. वाय-फाय दिसत होतं, पण नेट नाही. तासभर राउटरची सेटिंग बदलत बसले. तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा नेट सुरू! आई म्हणाली, "लाइट जाऊन आली की होतं नीट."

मी हसले. पण संशोधनाच्या तयारीत असाल, तर इथे थांबून विचार करा: नेट माझ्या सेटिंगमुळे चालू झालं की लाइटमुळे? मी सेटिंग पूर्ववत केली आणि लॅपटॉप जोडून मोडेम चालू केला. मग वायर राउटरला लावली. नेट बंद. मोडेमचा प्लग काढून परत लावला. नेट चालू. आईचं निरीक्षण बरोबर होतं. राहिलं ते कारण, आणि ते सापडतं इतिहासात.

आपल्याकडे 1991 नंतर केबल टीव्हीची वायर घरोघर पोचली. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण ते टेलिफोनच्या तारेवरून. टीव्हीच्या वायरीवरून डेटा पाठवायचे प्रयत्न अमेरिकेत चालू होते, मात्र प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. मार्च 1997 मध्ये डॉक्सिस 1.0 हे सामायिक तांत्रिक मानक आलं आणि मोडेमने कसं वागायचं ते लिहून ठेवलं गेलं.

त्यातले दोन नियम आपल्या कामाचे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच 48 बिटांचा मॅक पत्ता मिळतो. मोडेम आपल्यामागे जोडलेल्या यंत्राचा हा पत्ता लक्षात ठेवतो. किती पत्ते ठेवायचे याला मर्यादा असते, घरगुती कनेक्शनला बऱ्याचदा एकच. पहिला नियम: मर्यादा भरली की नव्या पत्त्याने जुन्याची जागा घ्यायची नाही. दुसरा: असे शिकलेले पत्ते कायमच्या मेमरीत ठेवायचे नाहीत, म्हणजे ग्राहकाला कॉम्प्युटर बदलता येईल किंवा मोडेम दुसरीकडे नेता येईल.

थोडक्यात, एसटीच्या सीटवर लॅपटॉपने रुमाल टाकला होता. राउटर मागून आला, त्याला जागा नाही. वीज गेली, रुमाल उडाला. पुन्हा चालू झाल्यावर पहिला आला तो राउटर.

राउटर आत आला की एका जागेवर सगळं घर बसतं. इंटरनेटचे जुने पत्ते 32 बिटांचे, म्हणजे सुमारे 429 कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसत असल्यामुळे मे 1994 मध्ये एगेव्हँग आणि फ्रान्सिस यांनी एका पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवण्याची नॅट ही पद्धत मांडली. फेब्रुवारी 1996 मध्ये घरात-ऑफिसात वापरायचे खासगी पत्ते ठरले. तुमच्या राउटरवर दिसणारा 192.168 त्यातलाच. राउटरमध्ये 'मॅक क्लोन' हा पर्याय असतो, तोही याच भांडणातला: राउटर लॅपटॉपचा पत्ता स्वतःचा म्हणून सांगतो.

म्हणून क्रम असा: मोडेम बंद करा, वायर राउटरला लावा, मोडेम चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर चालू करा. मोडेम इन्व्हर्टरवर असेल तर लाइट जाऊन उपयोग नाही, प्लगच काढा. आत बॅटरी असेल तर तीही. आणि हा निष्कर्ष केबल मोडेमपुरताच. फायबरच्या डब्याचं कारण वेगळं असू शकतं, तो वेगळा तपासावा लागेल.

लॅबमध्येही तुम्हाला अशा पायऱ्या भेटतील. "असंच करतात" एवढंच कोणीतरी सांगेल. पायरी पाळा, ती गाळून एकदा करून बघा, आणि मग ती पहिल्यांदा कुठे लिहिली गेली ते शोधा. माझ्या बाबतीत उत्तर 1997 च्या कागदात होतं. प्रश्न मात्र आईने विचारायला लावला.