पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला एक ओळ असते: व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा ही ओळ बघून मी चडफडलो होतो. आयकर कापलाच आहे, मग हा आणखी कसला? उत्तराचा धागा निघाला तो पिंगळीत, आजीच्या ओट्यावर.

1972च्या दुष्काळात आजी बावीस वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची. माझे वडील तेव्हा दोन वर्षांचे, बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. "मिलोची भाकर थापताना तुटायची," एवढंच ती सांगते आणि गुडघा चोळत बसते.

मे 1973मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पिकं बुडाली, जनावरं गेली, पण एवढ्या मोठ्या दुष्काळाच्या मानाने माणसं दगावली नाहीत. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी पुढे हाच दाखला जगापुढे ठेवला. मजुराच्या हातात रोकड पडली की धान्य तिच्या वासाने गावात येतं, असा त्यातला साधा व्यवहार.

दुष्काळ सरला तरी काम मागण्याचा हक्क राहावा, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीचा कायदा 1977चा, लागू झाला 26 जानेवारी 1979ला. मला मात्र कायद्यापेक्षा त्यामागची तिजोरी जास्त रंजक वाटते. 1975 साली व्यवसाय कर आला तो या योजनेसाठी. पगारदारांकडून आणि इतर काही करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर राज्याने घालायची. म्हणजे मुंबईतला कारकून परभणीतल्या पाझर तलावाची माती उचलायला पैसे देणार! शहरांनी हे निमूट मानलं, यात गावाकडून येणारे लोंढे थोपवण्याचा हिशेबही असावा, असं मला वाटतं.

घटनेच्या 276व्या कलमात या कराची कमाल मर्यादा वर्षाला 250 रुपये होती. 1988मध्ये ती 2,500 झाली, आणि तिथेच थांबली. तेव्हा ती बऱ्यापैकी रक्कम होती; आज आमच्या टीमच्या एका जेवणात उडते. 2005च्या केंद्रीय कायद्यानंतर अकुशल मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला. कर चालूच आहे.

आजी पुढे रोजगार हमीच्या तलावावरही गेली. त्या मजुरीतून वाण्याची उधारी फिटली, वडिलांची शाळा सुटली नाही. तलावात आता गाळ आहे. आणि मुकादमाने तिची आठ दिवसांची हजेरी लावलीच नव्हती.

परवा तिला म्हटलं, "आजी, तुमच्या त्या कामासाठी लावलेला कर मी अजून भरतोय."

"मग माझे आठ दिवसांचे राहिलेत," ती म्हणाली, "तेवढे त्यातून काढून आण."