औषधातून विषबाधा : जे. जे. रुग्णालय, १९८६

रुग्णालयातील मृत्यूला प्रत्येक वेळी मूळ आजारच कारण असतो असे नाही. कधी औषधही कारणीभूत ठरते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूची सूज व डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. त्यांपैकी चौदा जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले.

हे विष नवे नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते. त्यातूनच तेथे १९३८ चा औषध कायदा झाला.

मुंबईतील प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदी व तपासणीतील गंभीर दोष उघड केले. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांनी राजीनामा दिला. २०१० मध्ये देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील याच विषाने वीसहून अधिक बालके दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते.

दुष्परिणामाची नोंद रुग्णाने औषध घेतल्यानंतर होते. विष मात्र त्याआधीच, कच्च्या मालाच्या तपासणीत सापडायला हवे. जे. जे. प्रकरणाचा हाच धडा आहे.