नऊशे वर्षं आणि सोळा वर्षं

आजीचा आवाज असलेली एक सीडी माझ्या कपाटात पडून आहे. ती लावायला घरात ड्राइव्हच उरलेला नाही. ती हातात घेतली की मला इंग्लंडमधली एक गोष्ट आठवते.

१०८६ साली राजा विल्यमने राज्यातल्या जमिनी, नांगर, गिरण्या यांची मोजदाद करून घेतली. मेंढीच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं ते ‘डूम्सडे बुक’ लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतं.

त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६मध्ये नवं डूम्सडे काढलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी हातभार लावला. शाळकरी मुलांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो दिले. सगळं लेसर डिस्कवर गेलं. पण त्या वाचायला खास प्लेअर आणि ठरावीक कॉम्प्युटर लागायचा, आणि दोन्ही बाजारातून गेले. सोळा वर्षांत डिस्क जवळजवळ मुक्या झाल्या. २००२मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर बनवलं, तेव्हा त्या पुन्हा उघडल्या.

कातड्यावरचं वाचायला यंत्र लागत नाही. डिजिटल गोष्ट मात्र नुसती जपून ठेवून टिकत नाही. दर काही वर्षांनी नव्या जागी उतरवून घ्यावी लागते. आपल्याकडे पोथ्या अशाच टिकल्या, पिढ्यान्‌पिढ्या नकलून.

या रविवारी मित्राचा जुना लॅपटॉप मागून आणणार आहे. सीडी अजून वाचली जाते का, बघायचंय.